चिपचा सातबारा कुठे आहे?

स्वदेशी प्रोसेसरची बातमी आता ठरलेल्या साच्यात येते. मान्यवरांच्या हातात पेटी, पेटीत नखाएवढी चिप, टाळ्या, छायाचित्र आणि मजकुराच्या शेवटी देशाच्या आत्मनिर्भरतेविषयी एक वाक्य. २०१८ मध्ये आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रकल्पातील ‘राइसक्रीक’ या चिपवर लिनक्स चालल्याची बातमी अशीच आली. एप्रिल २०२२ मध्ये ‘डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह’ कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हा शक्तीच्या जोडीला सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राची वेगा ही प्रोसेसर-मालिका आली. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच मालिकेतील ६४-बिट, दोन गाभ्यांचा ‘ध्रुव६४’ आला. यांतील प्रत्येक टप्पा अभिमानाचा आहे आणि त्यामागे अनेक वर्षांची मेहनत आहे. तरीही या सर्व बातम्यांत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. या चिपच्या आत काय, कोठे आणि कशाला जोडलेले आहे, याचा जाहीर, तपासलेला आणि सर्वांना उपलब्ध असलेला दस्तऐवज कोठे आहे?

जमीन कितीही सुपीक असली तरी सातबारा नसेल, तर तिच्यावर कर्ज मिळत नाही, विहीर खोदता येत नाही आणि शेजाऱ्याशी बांधाचा वाद मिटत नाही. चिपचेही तसेच आहे. लिनक्सच्या जगात या सातबाऱ्याला ‘डिव्हाइस ट्री’ म्हणतात. ज्या चिपचा डिव्हाइस ट्री जाहीर नाही आणि लिनक्सच्या मुख्य प्रवाहात स्वीकारलेला नाही, ती चिप प्रयोगशाळेच्या टेबलावर कितीही छान चालो, देशाच्या दृष्टीने ती अपुरीच आहे. तिला ‘तयार’ म्हणणे घाईचे आहे.

हा दस्तऐवज लागतो तरी कशाला? पीसीआय किंवा यूएसबीवर जोडलेल्या उपकरणाला ‘तू कोण?’ असे विचारता येते आणि ते आपली ओळख सांगते. चिपच्या पोटातले उपकरण मात्र मुके असते. एखाद्या पत्त्यावर सिरियल पोर्ट आहे की टाइमर, हे कर्नलला चाचपडून कळत नाही. उलट, जेथे काहीच नाही अशा पत्त्यावर हात घातला तर यंत्रणा तेथेच ठप्प होऊ शकते. म्हणून कर्नलला आधीच सांगावे लागते की गाभे किती, स्मृती कोठून कोठपर्यंत, कोणते उपकरण कोणत्या पत्त्यावर, आणि कोणाची हाक कोणाकडे जाते. रिस्क-फाइव्ह यंत्रावर कर्नलकडे सूत्रे दिली जातात त्या क्षणी एका रजिस्टरमध्ये सध्याच्या गाभ्याचा क्रमांक असतो आणि दुसऱ्यात याच दस्तऐवजाचा पत्ता. तो दस्तऐवज चुकीचा असेल, तर पुढचे सारेच चुकीचे होते.

ही कल्पना नवी नाही. तिचे मूळ ‘ओपन फर्मवेअर’ या १९९४ च्या आयईईई १२७५ मानकात आहे. पॉवरपीसीच्या लिनक्सने ती आपलीशी केली. एआरएमच्या जगात मात्र प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्येच वेगळी सी-फाइल लिहिण्याची पद्धत होती. त्या फाइलींचा इतका पसारा झाला की २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर उघड संताप व्यक्त केला आणि एआरएमची मंडळी डिव्हाइस ट्रीकडे वळली. हार्डवेअरचे वर्णन आज्ञावलीत मिसळू नये, ते वेगळे ठेवावे, हा धडा जगाने पंधरा वर्षांपूर्वी घेतला. भारतीय प्रकल्पांना तो नव्याने गिरवण्याचे कारण नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: हे तर कारकुनी काम! प्रोसेसरची रचना हे खरे विज्ञान. पत्त्यांची यादी काय, एखादा प्रशिक्षणार्थीही दोन दिवसांत लिहील. हा आक्षेप घेणाऱ्याने इंटरप्ट कंट्रोलर आणि बस ब्रिज या दोन गोष्टींचे वर्णन स्वतः कधी लिहिलेले नसते, असे खुशाल समजावे.

इंटरप्ट म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला मारलेली हाक. डिव्हाइस ट्रीत प्रत्येक उपकरण ज्या बसवर बसले आहे तिच्या पोटात लिहिले जाते. पण त्याची हाक त्याच वाटेने जाईल असे नाही. आय-टू-सी बसवर बसलेल्या स्पर्शसंवेदकाचा पत्ता आय-टू-सी नियंत्रकाच्या हाताखाली असतो, तर त्याची इंटरप्टची तार जीपीआयओ नियंत्रकाकडे गेलेली असते. तो जीपीआयओ नियंत्रक अशा अनेक हाका गोळा करून एकाच तारेने मुख्य इंटरप्ट कंट्रोलरला कळवतो. म्हणजे एकाच दस्तऐवजात दोन वृक्ष नांदतात. एक पत्त्यांचा, दुसरा हाकांचा. दुसऱ्या वृक्षाच्या फांद्या ‘इंटरप्ट-पेरेंट’ या नोंदीने जोडल्या जातात. ही नोंद चुकली, तर हाक भलत्याच दारावर जाते.

शिवाय प्रत्येक कंट्रोलरची भाषा वेगळी. एका हाकेचे वर्णन किती आकड्यांत करायचे, हे कंट्रोलर स्वतःच्या नोंदीत ठरवतो. एआरएमच्या प्रचलित जीआयसी कंट्रोलरला साधारणतः तीन आकडे लागतात: हाक सामायिक आहे की एका गाभ्याची खासगी, तिचा क्रमांक काय, आणि ती कडेवर ओळखायची की पातळीवर. यात एक खाच आहे. सामायिक हाकांची मोजणी हार्डवेअरमध्ये ३२ पासून सुरू होते, तर डिव्हाइस ट्रीत शून्यापासून. चिपच्या माहितीपुस्तिकेत ६५ असेल, तर येथे ३३ लिहायचे. विद्यार्थ्याने इमानदारीने ६५ लिहिले, तर कर्नल ९७ क्रमांकाच्या तारेशी कान लावून बसते. चूक दाखवणारा संदेश येत नाही. उपकरण हाक मारत राहते, ड्रायव्हर वाट पाहत राहतो आणि शेवटी ‘मुदत संपली’ एवढेच पडद्यावर उमटते. दोष हार्डवेअरचा, ड्रायव्हरचा की कागदाचा, हे शोधण्यात आठवडे जातात.

पातळी उलटी लिहिण्याची गल्लत त्याहून वाईट. जी तार शून्यावर गेल्यावर हाक समजायची, ती एकवर गेल्यावर हाक समजायची असे लिहिले, तर शांत तारही कर्नलला अखंड ओरडणारी वाटते. ज्याचे काहीच मागणे नाही असे उपकरण प्रोसेसरला क्षणाक्षणाला उठवत राहते. लिनक्सने यासाठी एक उपाय ठेवला आहे. एक लाख हाकांपैकी ९९,९०० हून अधिक हाकांना कोणी वाली निघाला नाही, तर ती तारच बंद केली जाते आणि कोणी दखल घेतली नाही अशी नोंद होते. एका चुकीच्या आकड्याची ही किंमत आहे.

रिस्क-फाइव्हमध्ये, म्हणजे भारताने निवडलेल्या वाटेवर, तर केवळ क्रमालाही अर्थ असतो. तेथील ‘प्लिक’ हा कंट्रोलर बाहेरच्या हाका गाभ्यांकडे पोचवतो. प्रत्येक गाभ्याच्या प्रत्येक अधिकार-पातळीसाठी त्याच्यात एक स्वतंत्र खिडकी असते. कोणती खिडकी कोणाची, हे कर्नलला कळते ते डिव्हाइस ट्रीतील यादीच्या क्रमावरून. सायफाइव्हच्या एफयू५४० या चिपचे उदाहरण बोलके आहे. तिच्यात पाच गाभे आहेत. पहिला देखरेखीचा, त्याला पर्यवेक्षक पातळीच नाही. उरलेल्या चारांना यंत्र आणि पर्यवेक्षक अशा दोन्ही पातळ्या आहेत. म्हणून खिडक्या दहा नव्हेत, नऊ. लिनक्सला यंत्र-पातळीच्या खिडक्यांशी कर्तव्य नसते. तरीही यादीत त्यांच्या जागी एक पोकळ आकडा लिहून जागा धरून ठेवलेली आहे. त्या ‘निरुपयोगी’ नोंदी कोणी नीटनेटकेपणाच्या हौसेने पुसल्या, तर पुढच्या प्रत्येक गाभ्याची हाक भलत्याच खिडकीवर जाईल. ज्याला हे कारकुनी वाटते, त्याने कारकुनीची व्याख्या तपासावी.

आता बस ब्रिज, म्हणजे दोन बसमधला पूल. पुलाच्या अलीकडे जो पत्ता, तोच पलीकडे असेल असे नाही. रास्पबेरी पाय हे बोर्ड असंख्य विद्यार्थ्यांच्या हाताळणीतले असल्यामुळे त्याचेच उदाहरण घेणे बरे. ब्रॉडकॉमच्या माहितीपुस्तिकेत त्याच्या उपकरणांचे पत्ते षोडशमान पद्धतीत ७ई०००००० पासून सुरू होतात. पण एआरएम गाभ्याला तीच उपकरणे पहिल्या पिढीत २०००००००, दुसऱ्या व तिसऱ्या पिढीत ३एफ०००००० आणि चौथ्या पिढीत एफई०००००० येथे दिसतात. त्यामुळे पुस्तिकेत ७ई२०१००० येथे असलेला सिरियल पोर्ट प्रत्यक्षात अनुक्रमे २०२०१०००, ३एफ२०१००० आणि एफई२०१००० येथे सापडतो. डिव्हाइस ट्रीत उपकरणाची नोंद पुस्तिकेप्रमाणेच राहते; बदलते ती पुलाच्या ‘रेंजेस’ या गुणधर्मातील ओळ. बसवरचा पत्ता, गाभ्याकडचा पत्ता आणि लांबी, या तीन गोष्टींत सारे भाषांतर होते. हाच गुणधर्म रिकामा लिहिला, तर अर्थ होतो ‘दोन्हीकडचे पत्ते एकच’. तो लिहिलाच नाही, तर अर्थ होतो ‘पलीकडे जायला वाट नाही’. रिकामे असणे आणि नसणे यांत एवढे अंतर आहे.

हे झाले प्रोसेसरने उपकरणाकडे पाहण्याचे. उपकरण जेव्हा स्वतः स्मृतीत माहिती लिहिते, तेव्हा उलट दिशेचे भाषांतर लागते. ते ‘डीएमए-रेंजेस’मध्ये असते. रास्पबेरी पाय ४ च्या सुरुवातीच्या चिपमध्ये पीसीआय-एक्स्प्रेसच्या पुलाला स्मृतीच्या पहिल्या ३ जीबीपलीकडे पोचता येत नसे. हा रचनेतला दोष होता. लिनक्सच्या मुख्य प्रवाहातील डिव्हाइस ट्रीत तो दोष, दोष म्हणूनच, जाहीर टिपणीसह लिहिलेला आहे आणि मर्यादा ३ जीबीवर बांधलेली आहे. ती ओळ नसती, तर ४ जीबी स्मृतीच्या बोर्डावर कर्नलने वरचा भाग यूएसबीसाठी दिला असता आणि माहिती गुपचूप बिघडली असती. चांगला सातबारा जमिनीवरचा बोजाही दाखवतो, तो असा.

आणि पीसीआयच्या पुलापाशी दोन्ही वृक्ष एकमेकांना भेटतात. पुलापलीकडच्या प्रत्येक साधनाला चारपर्यंत हाका असू शकतात. त्या मुख्य कंट्रोलरच्या कोणत्या तारेवर येतात, हे ‘इंटरप्ट-मॅप’ नावाच्या कोष्टकात लिहावे लागते. त्याच्या जोडीचा मुखवटा पत्त्यातून केवळ साधन-क्रमांकाचे पाच बिट आणि हाकेच्या क्रमांकाचे तीन बिट शिल्लक ठेवतो. या कोष्टकातील आकडे ज्याने बोर्डावरच्या तारा पाहिल्या आहेत, कंट्रोलरची भाषा ज्याला येते आणि बसचे मानक ज्याने वाचले आहे, त्यालाच लिहिता येतात.

एवढे समजल्यावर ‘लिनक्स सुरू झाले’ या वाक्याकडे पुन्हा पाहावे. त्याचा अर्थ इतकाच की कोणाच्या तरी संगणकावर या चिपसाठी चालणारी एक फाइल आहे. ती कोणी तपासली, ती पुढच्या वर्षीच्या कर्नलवर चालेल का, ती लिहिणारा अभियंता नोकरी सोडून गेला तर काय, यांपैकी कशाचेही उत्तर त्या वाक्यात नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या लिनक्स आवृत्तीतील रिस्क-फाइव्हच्या डिव्हाइस ट्रींचा विभाग कोणालाही उघडून पाहता येतो. त्यात सायफाइव्ह आहे, मायक्रोचिप आहे, रेनेसास आहे. स्टारफाइव्ह, ऑलविनर, सोफगो, टी-हेड आणि कनान ही पाच चिनी नावे आहेत. शक्ती किंवा वेगा या नावाचे दालन नाही. राइसक्रीकच्या बातमीनंतर सहा वर्षांनी ही स्थिती होती.

क्षमता नव्हती म्हणून हे घडले, असे म्हणता येत नाही. परदेशी चिप-कंपन्यांच्या बेंगळुरू आणि हैदराबाद येथील कार्यालयांत भारतीय अभियंते वर्षानुवर्षे हेच काम करीत आले आहेत; लिनक्सच्या इतिहासात त्यांची नावे जागोजागी आढळतात. शक्ती प्रकल्पानेही २०२१ मध्ये क्यूईएमयू या अनुकारकाच्या मुख्य प्रवाहात आपल्या ‘सी’ वर्गाचे यंत्र दाखल केले. त्यामुळे हातात चिप नसलेला विद्यार्थीही घरबसल्या प्रयोग करू शकतो. हे स्तुत्य आहे, आणि म्हणूनच पुढचे पाऊल न पडणे अधिक खटकते. हात आहेत, कौशल्य आहे. या कामाला बातमीत जागा नाही, प्रकल्पाच्या उद्दिष्टांत ओळ नाही आणि पदोन्नतीत गुण नाहीत. दोष तेथे आहे.

काही आक्षेपांना उत्तर देणे उचित ठरेल. पहिला असा की प्रत्येक चिपला लिनक्स लागत नाही. हे खरेच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सेमिकॉन इंडियात सादर झालेला ‘विक्रम’ हा ३२-बिट प्रोसेसर प्रक्षेपणयानांसाठी घडवला आहे. त्याच्याकडून डिव्हाइस ट्रीची अपेक्षा करणे गैर होईल. पण ज्या चिपची जाहिरातच लिनक्सच्या जोरावर होते, तिला ही सवलत नाही.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. डिव्हाइस ट्रीत मंडलाची रचना नसते. पत्ते, तारा आणि मर्यादा असतात. विकत घेणाऱ्याला हे सांगितल्याविना चिप वापरताच येत नाही. शिवाय शक्तीची मूळ रचनाच मुक्त परवान्याखाली खुली आहे. घर उघडे टाकून पाटी झाकण्याला गोपनीयता म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप वरकरणी स्वाभिमानाचा: परदेशी देखभालकर्त्यांची मान्यता भारतीय चिपला कशाला? ज्या रिस्क-फाइव्ह आज्ञासंचावर हा सारा डोलारा उभा आहे, तो बर्कलीत जन्मला आणि खुला होता म्हणूनच भारताला घेता आला. मुख्य प्रवाहातील परीक्षण म्हणजे परवानगीची भीक नव्हे. नोंदी यंत्राला वाचता येणाऱ्या नियमांशी ताडून पाहिल्या जातात, अनोळखी तज्ज्ञ प्रश्न विचारतात, आणि एकदा स्वीकारलेले वर्णन पुढच्या कर्नलनेही पाळावे असा संकेत असतो. जुना दस्तऐवज नव्या कर्नलवर चालला पाहिजे. हे दीर्घ मुदतीचे वचन आहे, आणि जे वचन आठ दिवसांच्या घाईत, बंद खोलीत दिले जाते ते टिकत नाही.

या दुर्लक्षाची झळ लागते ती बोर्ड विकत घेणाऱ्या विद्यार्थ्याला आणि छोट्या उद्योजकाला. उत्पादकाने दिलेल्या एका जुन्या कर्नलला तो बांधला जातो. सुरक्षेची नवी दुरुस्ती आली, तर ती त्याच्यापर्यंत पोचत नाही. नवे साधन जोडावे तर कोणती तार मोकळी आहे हे कळत नाही. वर्षभर झगडून तो शेवटी परदेशी बोर्डाकडे वळतो, आणि मग परिसंवादांत खंत व्यक्त होते की देशी चिपला ग्राहक मिळत नाही. ग्राहक मिळाला होता. त्याला कागदपत्रांअभावी परत पाठवले गेले.

उपाय खर्चिक नाहीत. सार्वजनिक पैशातून घडणाऱ्या आणि लिनक्सचा दावा करणाऱ्या प्रत्येक प्रोसेसरच्या करारात तीन अटी असाव्यात: इंटरप्ट कंट्रोलर, ब्रिज आणि पत्त्यांचे संपूर्ण वर्णन चिपसोबतच जाहीर व्हावे, ते लिनक्सच्या मुख्य प्रवाहात स्वीकारले जाईपर्यंत प्रकल्प पूर्ण झाला असे मानू नये, आणि चिपमधले ज्ञात दोष त्यातच नोंदवावेत. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात ८०८५ चे पाच इंटरप्ट पाठ करवून घेणाऱ्या विभागांनी निदान एका सत्रात विद्यार्थ्यांकडून एका खऱ्या बोर्डाचा डिव्हाइस ट्री लिहून घ्यावा. विज्ञानवार्ता देणाऱ्यांनी गिगाहर्ट्झ आणि नॅनोमीटर विचारून झाल्यावर तिसरा प्रश्न विचारावा: वर्णन कोठे आहे, आणि ते कोणी तपासले?

पुढची चिप येईल, तिचेही छायाचित्र येईल. त्या दिवशी एखाद्या गावातल्या विद्यार्थिनीने मूळ लिनक्स उतरवून, कोणाचीही ओळख वा परवानगी न काढता, ते त्या चिपवर चालवून दाखवले, तर ती चिप देशाची झाली असे म्हणता येईल. तोवर ती फक्त तिच्या निर्मात्यांची आहे.